दाखवायचं काम, सांगायचं काम: माउस आणि टर्मिनल यांत गोंधळलेल्या नवख्यांसाठी

संगणकावर नेटाने काम करायला लागलेल्या माणसाला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, टर्मिनल (म्हणजे माउसऐवजी आज्ञा, अर्थात कमांड, टाइप करून द्यायची खिडकी) आलं नाही तर संगणक आलाच नाही. दुसरा म्हणतो, ती काळी खिडकी इंजिनिअर लोकांसाठी, आपण आपलं क्लिक करावं. दोघंही आपापल्या सवयीची वकिली करत असतात. मला विचाराल तर ही निवड कामागणिक करावी. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ जुळवणारा माणूस अर्ध्या तासाने चाळीस फाइलींची पीडीएफ करायला बसतो, तेव्हा माणूस तोच असला तरी हत्यार बदलायला हवं.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे त्यांचा उच्चार दिला आहे. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'एलएस' म्हणजे एल आणि एस ही दोन अक्षरं. 'सॉर्ट' म्हणजे तो इंग्रजी शब्द, नेहमीच्या स्पेलिंगने. तारका, रेघा, टिंबं, अवतरणचिन्हं जशी दिसतात तशीच. घोटाळा होण्यासारखं असेल तिथे अक्षरं फोडून सांगतो.

पहिली पायरी: काम एका वाक्यात लिहा

काहीही उघडण्याआधी काम कागदावर किंवा मनात एका मराठी वाक्यात मांडा. वाक्यात 'सगळ्या', 'प्रत्येक', 'ज्यात अमुक आहे त्या', 'दर महिन्याला' असे शब्द आले, तर ते काम टर्मिनलचं आहे. 'या फोल्डरातल्या सगळ्या वर्ड फाइलींची पीडीएफ कर.' हे वाक्य पूर्ण आहे, ऐकणाऱ्याला आणखी काही विचारावं लागत नाही.

वाक्यात 'जरा', 'थोडं', 'बघून', 'बरं दिसेल तसं' असे शब्द आले, तर माउस हातात घ्या. 'फोटोतला आजोबांचा चेहरा थोडा उजळ कर, पण मागची भिंत फार पांढरी व्हायला नको.' हे सांगून होत नाही, बघत बघतच करावं लागतं. फोटो, पानांची मांडणी, नकाशे, व्हिडिओ कापणं, एखाद्या अनोळखी प्रोग्रॅममध्ये काय काय सोयी आहेत ते चाचपणं, हे सगळं डोळ्यांचं काम. मेनूचा मोठा गुण हाच, की ठाऊक नसलेली गोष्टही समोर दिसते. टर्मिनल स्वतःहून काही दाखवत नाही. काय विचारायचं हे आपल्याला आधी माहीत असावं लागतं, आणि नवख्याची दमछाक होते ती इथेच.

माउस नवा आणि टर्मिनल जुनाट, असा एक समज आहे. वर्षं पाहिली की तो टिकत नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये माउसचं जाहीर प्रात्यक्षिक दाखवलं ते डिसेंबर १९६८ मध्ये, आणि बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या युनिक्स या संगणकप्रणालीवर काम सुरू केलं १९६९ मध्ये. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत खिडक्या दाखवणारा आल्टो संगणक तयार झाला, आणि त्याच वर्षी युनिक्समध्ये एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारा 'पाइप' आला. म्हणजे दोघं एकाच पिढीचे. घराघरांत आधी पोचला तो माउस, १९८४ च्या मॅकिन्टॉशमुळे आणि नंतर विंडोजमुळे.

दुसरी पायरी: टर्मिनलकडे धावण्याआधी कीबोर्ड वापरून बघा

बऱ्याच जणांना खरं तर टर्मिनल नको असतं, नुसता वेग हवा असतो. तो खिडक्यांतही मिळतो. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये दहा-वीस फोटो निवडा, एफ२ दाबा, 'मुंज' असं नाव देऊन एंटर मारा. सगळ्या फोटोंना 'मुंज' आणि पुढे कंसात क्रमांक अशी नावं मिळतात. मॅकच्या फाइंडरमध्ये फाइली निवडून उजवं क्लिक केलं की नाव बदलण्याचा पर्याय येतो. तिथे नावातला एखादा शब्द सगळीकडे बदलता येतो, पुढे-मागे मजकूर जोडता येतो. एवढ्यासाठी कमांड शिकायची गरज नाही.

टॅलीवर बसणाऱ्या कोणत्याही अकाउंटंटकडे पाहा. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. व्हाउचरमागून व्हाउचर पडत असतं आणि माउस बाजूला धूळ खात असतो. ऑटोकॅडमध्ये तर दोन्ही पद्धती एकाच पडद्यावर नांदतात: वर आराखडा, खाली कमांडची ओळ. 'एल' टाइप करून रेघ, 'सी' टाइप करून वर्तुळ, बिंदू मात्र माउसने दाखवायचा. एक्सेलमध्ये सूत्र टाइप करणारा माणूसही कमांडच देत असतो, फक्त त्याला तसं कोणी सांगितलेलं नसतं. तुम्ही यातलं काही करत असाल तर टर्मिनल तुम्हाला वाटतं तितकं परकं नाही.

तिसरी पायरी: खिडकी उघडा

विंडोज ११ मध्ये ज्या फोल्डरात काम करायचं आहे ते उघडा, मोकळ्या जागी उजवं क्लिक करा, 'ओपन इन टर्मिनल' निवडा. मॅकवर कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबून 'टर्मिनल' शोधा. उबुंटूवर (म्हणजे युनिक्सच्या वळणाच्या लिनक्स या प्रणालीच्या एका प्रकारावर) कंट्रोल, ऑल्ट आणि टी.

आत जे चालतं त्याला 'शेल' म्हणतात. आपण लिहिलेली ओळ वाचून ती अमलात आणणारा हा प्रोग्रॅम. उबुंटूवर तो 'बॅश' असतो, मॅकवर २०१९ पासून नव्या खात्यांना 'झेडशेल' मिळतो, आणि विंडोजवर 'पॉवरशेल'. पहिले दोन एकमेकांचे चुलतभाऊ आहेत. पॉवरशेल वेगळ्या घराण्यातला, पण नवख्यांच्या सोयीसाठी त्याने काही युनिक्सची नावं उसनी घेतली आहेत, त्यामुळे चौथ्या पायरीतल्या कमांड तिन्हीकडे चालतात. पाचव्या पायरीतल्या मात्र पॉवरशेलमध्ये चालणार नाहीत. विंडोजवाल्यांनी त्यासाठी टर्मिनल 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडून ही ओळ द्यावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा:

डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल

यामुळे विंडोजच्या आतच उबुंटू बसतं. तुमची सी ड्राइव्ह तिथे '/एमएनटी/सी' या पत्त्यावर दिसते.

टर्मिनल उघडल्यावर एक छोटी ओळ आणि लुकलुकणारा कर्सर दिसेल. ओळीत बहुधा तुमचं नाव आणि सध्याच्या फोल्डरचं नाव असतं. याला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. तो दिसतोय म्हणजे शेल तुमची वाट पाहतोय. दिसत नसेल तर आधीचं काम अजून चालू आहे. सुरुवातीला एवढा फरक ओळखता आला तरी निम्मी भीती जाते.

चौथी पायरी: आत फिरायला शिका

'पीडब्ल्यूडी' टाइप करून एंटर मारा. तुम्ही कुठल्या फोल्डरात उभे आहात ते कळेल. (सार्वजनिक बांधकाम खात्याशी संबंध नाही.) 'एलएस' म्हटलं की तिथल्या फाइलींची यादी येते. 'सीडी' आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं की आत जाता येतं. 'सीडी' आणि दोन टिंबं दिली की एक मजला वर. 'एमकेडीआयआर' नवं फोल्डर करतं, 'सीपी' प्रत काढतं, 'एमव्ही' फाइल हलवतं किंवा तिचं नाव बदलतं.

नावं इतकी तुटक का? युनिक्स वाढत होतं तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाइप यंत्रं असत. त्यांतलं प्रसिद्ध मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं कागदावर ठोकायचं, आणि कळा दाबायलाही जड होत्या. अशा यंत्रावर दोन अक्षरांत भागत असेल तर सात कोण लिहील?

आता टायपिंग वाचवणाऱ्या कळा. या मी कमांडच्याही आधी शिकवीन.

टॅब: नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा आणि टॅब दाबा, उरलेलं नाव शेल पूर्ण करतो. पूर्ण झालं नाही तर त्या नावाची फाइल तिथे नाही, किंवा तशा एकाहून जास्त आहेत. म्हणजे टॅब शुद्धलेखनही तपासून देतो.

वरचा बाण: मागच्या कमांड एकेक करून परत येतात. कंट्रोल आर दाबून एखादा तुकडा टाइप केला तर जुन्या कमांडमध्ये शोध घेता येतो.

कंट्रोल सी: चालू काम थांबवा. खिडक्यांच्या जगात हीच जोडी 'कॉपी' करते, त्यामुळे सुरुवातीला हात फसतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबतात. मॅकवर कॉपीची कळ वेगळीच असल्याने हा घोळ नाही.

आणि दोन्ही जगांतला पूल: टर्मिनलमध्ये 'सीडी' लिहून एक जागा सोडा, मग माउसने फोल्डर ओढून त्या खिडकीत टाका. त्याचा पूर्ण पत्ता आपोआप उमटतो. उलट दिशेने, मॅकवर 'ओपन' आणि टिंब, विंडोजवर 'एक्सप्लोरर' आणि टिंब दिलं की उभे असाल ते फोल्डर खिडकीत उघडतं. कमांड आणि टिंब यांच्यात एक जागा हवी. टर्मिनल वापरायचं म्हणजे माउसवर बहिष्कार, असं मुळीच नाही.

फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर पूर्ण नाव दुहेरी अवतरणात घाला. नाहीतर 'सभेचा वृत्तांत' ही एक फाइल शेलला दोन वाटतात.

पाचवी पायरी: एक खरं काम करून बघा

पाच-पन्नास कमांड पाठ करण्यापेक्षा एक काम तडीस नेलेलं बरं. समजा एका दिवाळी अंकाचं संपादन चालू आहे. एका फोल्डरात चाळीसेक लेख आहेत, सगळे साध्या मजकुराच्या म्हणजे '.टीएक्सटी' फाइलींत. (वर्डच्या फाइली असतील तर मॅकवर 'टेक्स्टयूटिल -कन्व्हर्ट टीएक्सटी *.डीओसीएक्स' ही एकच ओळ सगळ्यांचा मजकूर काढून देते. उबुंटूवर 'पँडॉक' नावाचा प्रोग्रॅम बसवून घ्या.)

पहिला प्रश्न: कोणता लेख किती शब्दांचा? वर्डमध्ये चाळीस वेळा फाइल उघडायची, खाली आकडा बघायचा, वहीत उतरवायचा. इथे:

डब्ल्यूसी -डब्ल्यू *.टीएक्सटी

तारका म्हणजे 'काहीही', शेवटी '.टीएक्सटी' असलेली प्रत्येक फाइल त्यात आली. पडद्यावर प्रत्येक लेखापुढे शब्दसंख्या, तळाशी एकूण. आता ही यादी लहानापासून मोठ्यापर्यंत लावायची आहे:

डब्ल्यूसी -डब्ल्यू *.टीएक्सटी | सॉर्ट -एन

मधली उभी रेघ बऱ्याच कीबोर्डांवर एंटरच्या वरच्या कळीवर, शिफ्टसह, सापडते. हाच तो पाइप. डग्लस मॅकिलरॉय यांनी त्याचा आग्रह धरला आणि थॉम्पसन यांनी तो युनिक्समध्ये आणला. डावीकडच्या कमांडने जे छापलं असतं ते पडद्यावर न येता उजवीकडच्या कमांडच्या हाती जातं. शब्द मोजणाऱ्याला क्रम लावता येत नाही, क्रम लावणाऱ्याला शब्द मोजता येत नाहीत, पण दोघांना जोडलं की कोणी मुद्दाम न बनवलेलं तिसरंच हत्यार तयार होतं. खिडक्यांच्या प्रोग्रॅममध्ये हे जमत नाही. तिथे बनवणाऱ्याने बटण दिलं तर आहे, नाहीतर नाही.

यादी संपादकांना पाठवायची असेल तर शेवटी '> यादी' असं जोडा (फाइलचं नाव इंग्रजीत दिलेलं बरं). उत्तर पडद्याऐवजी त्या नावाच्या फाइलीत जातं. सावध: त्या नावाची फाइल आधीच असेल तर हे चिन्ह तिचा जुना मजकूर न विचारता पुसून टाकतं. भर घालायची असेल तर तेच चिन्ह दोनदा: '>>'.

दुसरा प्रश्न: मुद्रितशोधकाला 'महिती' अशी चूक दिसली. ती आणखी कुठे कुठे आहे?

ग्रेप -एन "महिती" *.टीएक्सटी

कमांडची अक्षरं जी, आर, ई, पी. अवतरणातला शब्द मात्र खरोखर मराठी कीबोर्डने टाइप करायचा. उत्तरात फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ती ओळ येते. '-एन'च्या जागी '-एल' दिलं तर नुसती फाइलींची नावं. चूक सुधारणं मी तरी माउसनेच करीन, कारण प्रत्येक ठिकाणी संदर्भ वाचायला हवा. सगळीकडे एकदम बदल करणारी कमांडही आहे, पण तिच्यामुळे एखाद्या कवीने मुद्दाम लिहिलेला शब्द 'सुधारला' जाऊ शकतो.

तिसरं काम: लेखकांना तपासायला पाठवण्यासाठी सगळ्या वर्ड फाइलींची पीडीएफ. रोज माउसने चालवतो तेच, वर्डसारखं मोफत मिळणारं लिब्रेऑफिस इथे खिडकी न उघडता काम करतं. उबुंटूवर:

लिब्रेऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ *.डीओसीएक्स

आधी लिब्रेऑफिसच्या उघड्या खिडक्या बंद करा, नाहीतर ही कमांड कधी कधी मुकाट्याने काहीच करत नाही. एरवी चहा येईपर्यंत चाळीस पीडीएफ तयार असतात. मग मात्र त्या उघडून डोळ्यांनी चाळा. जोडाक्षर तुटलं आहे का, कवितेची ओळ पुढच्या पानावर गेली आहे का, हे टर्मिनल सांगणार नाही. आणि अंकाची पानं लावणं, चित्र कुठे बसवायचं, मथळा किती मोठा, ही कामं तर पूर्णपणे माउसचीच.

सहावी पायरी: मराठी आणि टर्मिनल यांचं जुळवून घ्या

इथे इंग्रजी मार्गदर्शकांत न सापडणाऱ्या अडचणी येतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

टर्मिनलचा पडदा चौकटींचा असतो. एका चौकटीत एक अक्षर. इंग्रजीला हे ठीक. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, 'स्त्री'मध्ये तीन व्यंजनं एकमेकांत मिसळतात. ठरावीक रुंदीच्या चौकटींत हे नीट बसत नाही. त्यामुळे मराठी फाइलींची नावं टर्मिनलमध्ये मोडकी दिसतात, कर्सर भलतीकडे उभा राहतो. घाबरू नका, फाइल शाबूत असते, फक्त चित्रण बिघडलेलं असतं. लांब मराठी मजकूर टर्मिनलमध्ये वाचायच्या भानगडीत पडू नये. उत्तर '>' ने फाइलीत पाठवा आणि साध्या एडिटरमध्ये उघडा.

अक्षरं मोजतानाही गंमत आहे. हे करून बघा ('एको'ची अक्षरं ई, सी, एच, ओ; 'मराठी' शब्द मराठी कीबोर्डनेच):

एको मराठी | डब्ल्यूसी -एम

एको मराठी | डब्ल्यूसी -सी

पहिलं उत्तर ६ येतं, दुसरं १६. संगणकाच्या लेखी 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, सहावं चिन्ह ओळ संपल्याचं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीचं माप) घेतं, ओळीच्या शेवटचं एक; म्हणून पंधरा अधिक एक. अर्ज भरताना 'अक्षरमर्यादा ओलांडली' असा संदेश तुमच्या अंदाजाआधीच येतो तो या हिशेबामुळे. (इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं आणि मराठीला ७० च मिळतात, त्याचं मूळही अक्षरं साठवण्याच्या पद्धतीतच आहे.)

शोध घेताना 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांच्याकडे लक्ष ठेवा. 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यांतला तो चंद्रकोरीसारखा र दोन रीतींनी टाइप होतो: खाली नुक्ता (टिंब) असलेला र आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि जोडणारं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. ग्रेप मात्र चिन्हाला चिन्ह जुळवतो. एका लेखकाचं 'वऱ्हाड' सापडेल, दुसऱ्याचं सापडणार नाही. शोध पक्का हवा असेल तर 'हाड' एवढाच तुकडा शोधा आणि यादीतून नको ते गाळा. आणि लेख श्रीलिपीसारख्या प्रणालीतल्या जुन्या, युनिकोड (सगळ्या लिपींच्या चिन्हांना ठरावीक क्रमांक देणारा तक्ता) न पाळणाऱ्या फॉन्टात असेल तर शोध जवळपास व्यर्थच. आत मराठी अक्षरंच नसतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

क्रमाचंही तसंच. आपल्या कोशांत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात तो ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. संगणकाची भाषा मराठी ठरवलेली नसेल आणि सॉर्टने नुसता तक्ता पाहिला, तर 'काळ' हा 'कावळा'च्या आधी येईल. शब्दसूची करत असाल तर हे शेवटी हाताने तपासावं लागतं.

फाइलींना नावं देताना मी इंग्रजी लिपी, लहान अक्षरं आणि मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ सुचवीन. मराठीचा अभिमान लेखाच्या आत दाखवायला भरपूर जागा आहे. मराठी नावंच हवी असतील तर टॅब आणि तारका यांचा आधार घ्या, म्हणजे दर वेळी कीबोर्ड बदलावा लागत नाही.

खिडक्यांच्या बाजूने एक मोठी गोष्ट नोंदवायला हवी: त्या मराठी बोलू शकतात. विंडोज आणि लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करून घेता येतात. टर्मिनलच्या कमांड इंग्रजीच राहतात. इंग्रजीशी फारशी ओळख नसलेल्या घरच्या मंडळींना शिकवताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

सातवी पायरी: पुसण्याआधी यादी बघा

खिडकीत फाइल पुसली तर ती कचरापेटीत जाते आणि परत आणता येते. टर्मिनलमध्ये 'आरएम' दिलं की फाइल गेली. कचरापेटी नाही, 'नक्की ना?' असा प्रश्नही बहुधा नाही. पॉवरशेलमध्येही तेच. उबुंटू आणि मॅकवर 'एमव्ही' आणि 'सीपी' सुद्धा त्याच नावाच्या जुन्या फाइलीवर बिनदिक्कत नवी चढवतात.

उपाय सोपा आहे. तारका वापरून काही पुसायचं असेल तर आधी 'आरएम'च्या जागी 'एलएस' लिहा. यादी वाचा. हव्या त्याच फाइली आहेत अशी खात्री झाली की वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणा, 'एलएस' खोडून 'आरएम' घाला. तारका आणि '.टीएक्सटी' यांच्यामध्ये चुकून एक जागा सुटली तर अर्थ 'सगळ्या फाइली, शिवाय .टीएक्सटी नावाची एक' असा होतो. एका स्पेसबारची किंमत अख्खं फोल्डर. बॅश आणि झेडशेलमध्ये या तिन्ही कमांडना '-आय' जोडलं की त्या विचारून काम करतात. पहिले काही महिने ते जोडायची सवय ठेवा.

पहिले प्रयोग मूळ फोल्डरवर करूच नका. माउसने त्याची प्रत काढा आणि त्या प्रतीवर हात साफ करा.

आठवी पायरी: लोकांनी दिलेल्या कमांड

कमांड मजकूर असते, त्यामुळे ती साठवता येते, पाठवता येते. 'वरून तिसऱ्या मेनूत जा, मग उजवीकडचं दातेरी चाक' हे फोनवर सांगताना दोघंही वैतागतात. एक ओळ पाठवली तर काम होतं. उपयोगी पडलेली प्रत्येक कमांड एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा आणि तिच्यावर ती काय करते हे मराठीत लिहा. पुढच्या दिवाळी अंकाला तीच फाइल उघडायची. ही टिपणं वर्डमध्ये ठेवू नका. वर्ड आणि मोबाइलचे कीबोर्ड सरळ अवतरणांची वाकडी करतात, दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतात, आणि मग तीच कमांड चालत नाही.

पण हाच गुण चोरांनाही उपयोगी पडतो. काही फसव्या वेबपानांवर 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा' असं सांगून विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायला लावतात, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. पानाने तोवर तुमच्या क्लिपबोर्डवर एक कमांड गुपचूप ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. मॅकवाल्यांना असंच टर्मिनल उघडायला सांगतात. कोणतीही खरी पडताळणी असं करायला सांगत नाही. पान बंद करा.

इतर ठिकाणांहून, अगदी एआय चॅटबॉटकडून मिळालेली कमांडही, तिचा प्रत्येक तुकडा काय करतो हे कळल्याशिवाय चालवू नये. बॅश आणि झेडशेलमध्ये 'मॅन' आणि पुढे कमांडचं नाव दिलं की तिची पुस्तिका उघडते. बाहेर यायला 'क्यू'. ओळीच्या सुरुवातीला 'सुडो' असेल (एस, यू, डी, ओ) तर दुप्पट सावध, कारण ती ओळ संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने चालते.

अडकलात तर

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत: हे मुद्दाम तसं आहे. पूर्ण टाइप करून एंटर मारा.

प्रॉम्प्टऐवजी नुसतं '>' दिसतंय: अवतरणचिन्ह उघडलं आणि बंद केलं नाही. कंट्रोल सी दाबून पुन्हा लिहा.

'कमांड नॉट फाउंड': स्पेलिंग चुकलं, किंवा तो प्रोग्रॅम बसवलेलाच नाही, किंवा कीबोर्ड अजून मराठीवर आहे. आपल्याकडे बहुतेक वेळा तिसरं.

'नो सच फाइल': 'पीडब्ल्यूडी' देऊन बघा, तुम्ही भलत्याच फोल्डरात उभे असाल. उबुंटूवर मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळं धरलं जातं, तेही तपासा.

काहीच न छापता प्रॉम्प्ट परत आला: काम झालं. युनिक्सच्या कमांड यश मिळाल्यावर बोलत नाहीत, चुकल्यावरच बोलतात.

अनोळखी एडिटरमध्ये अडकलात, डाव्या कडेला उभ्या रांगेत नागमोडी चिन्हं दिसतायत: हा 'व्हिम'. एस्केप दाबा, मग विसर्गासारखी दोन टिंबं, 'क्यू' आणि उद्गारचिन्ह टाइप करून एंटर. केलेले बदल जातील, पण सुटका होईल. खाली कळांची यादी दिसत असेल तर तो 'नॅनो'; कंट्रोल एक्स.